सेल घ्यायचे थांबले की येणारी बाई

सकाळी साडेआठला आमच्या घरात कोणीच कोणाचं ऐकत नाही, त्यामुळे सासूबाईंना ऐकू येत नाही हे त्या वेळी फारसं जाणवतही नाही. त्या दिवशी ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, मुलीच्या डब्याचं झाकण लागत नव्हतं आणि मी गॅसपाशी उभी राहून पातेल्यातल्या चोथ्याकडे बघत होते.

"दूध नासलं!" मी म्हणाले.

"कोण हसलं?" बाल्कनीजवळच्या खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं.

मग मात्र मुलगी खरंच हसली. सासूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय झालं गं?"

"काही नाही, आई."

त्यांनी मान वळवली आणि पुन्हा खाली बघायला लागल्या. खाली जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याची रिकामी खोकी येऊन पडली होती. आमच्या खालच्या मजल्यावर सिस्टर राहतात. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त होऊनही बराच काळ झाला, पण सगळी इमारत त्यांना अजून सिस्टरच म्हणते. नवरा गेल्यापासून एकट्या. महिनाअखेरीला मुलगा त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार होता. म्हणजे सतरा दिवस उरले होते. ह्या इमारतीत सासूबाईंची एकुलती एक मैत्रीण म्हणजे ह्या सिस्टर, आणि दोन वर्षांपासून दोघींमध्ये अबोला. कारण कोणालाच ठाऊक नाही. सासूबाईंना विचारलं की त्या ओठ असे मिटून घ्यायच्या की बरणीचं झाकणसुद्धा तितकं घट्ट बसत नाही.

"आई, जायच्या आधी एकदा भेटून तरी या," असं आदल्या दिवशीच मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले होते.

"मला कोणी बोलावलेलं नाही," असं उत्तर आलं होतं. आणि तरी आज उठल्यापासून त्यांचं खोकी मोजणं चाललं होतं. "तीन वाढली," त्या कोणालाच न सांगता म्हणाल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल धडधाकट असताना कोणी दार बडवलं की माझं डोकं फिरतं. हात पुसत जाऊन दार उघडलं. साठीला टेकलेली एक बारकीशी बाई उभी होती. हातात शिवणाच्या डब्याएवढी पेटी, डोळ्यांवर जाड चष्मा, चेहरा असा की हिला कुठेतरी पाहिलंय असं वाटावं.

"तुमच्याकडचे सेल बंद झालेत," ती म्हणाली. आवाज अगदी हळू.

"आम्हाला कुठल्याच सेलमधलं काही नको," मी म्हणाले. "आणि ही काय वेळ आहे का हो?"

"विकायला नाही आले. तुम्ही घ्यायचं का थांबवलंत, ते विचारायला आले."

दार लोटता लोटता माझा हात थांबला. आजवर दारावर नाना तऱ्हेचे विक्रेते पाहिले, पण "घेत का नाही" असा जाब विचारणारी ही पहिलीच.

"कोण आहे?" आतून हे ओरडले.

"सेलवाली!"

"नको म्हण!"

बाईने तेही शांतपणे ऐकून घेतलं. "कानाच्या मशीनचे सेल हो, ताई. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तुम्ही दर महिन्याला पाकीट नेत होता. वर्ष झालं, नेलेलं नाही. असं झालं की दोनच गोष्टी असतात. एक तर माणूस गेलं, नाहीतर मशीन ड्रॉवरमध्ये गेलं. औषधवाला म्हणाला, माणूस आहे."

"ड्रॉवरमध्ये आहे," मी कबूल केलं.

"चष्म्याच्या जुन्या घरात?"

मशीन तिथेच होतं. मी तिला आत घेतलं, आणि बेल का वाजवली नाही हेही विचारून घेतलं. "बेल बारीक वाजते," ती म्हणाली. "माझं ज्यांच्याकडे काम असतं, त्यांना ती ऐकू येत नाही. दार ठोकलं की निदान हादरा तरी कळतो."

अशा आमच्या घरी कानवाल्या ताई आल्या. हे नाव त्यांना सगळीकडेच आहे, त्यांनी स्वतःही दुसरं सांगितलं नाही. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी स्वतःचं एक ठेवलं: कानपिळी.

त्याला कारणही तसंच घडलं. मोजा सापडून हे कामाला गेले, मुलगी शाळेत गेली, आणि मी ताईंना सासूबाईंच्या गमती सांगायला बसले. आमच्या घरात पाहुणा आला की हा कार्यक्रम ठरलेला. "परवा मी म्हटलं, गॅसवाला आलाय. तर म्हणतात कशा, मग बसवा की त्याला, दारात काय उभा केलाय!"

ताई हसल्या नाहीत. "मग तुम्ही काय केलंत?"

"हसलो सगळे."

"त्यांनी विचारलं असेल, काय झालं म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, काही नाही."

ताईंनी आवाज जराही चढवला नाही, उलट खुर्ची पुढे ओढली. "आजपासून ह्या घरात 'काही नाही' म्हणायचं नाही. दूध नासलं असेल तर दूध नासलं असंच पुन्हा सांगायचं. समोर येऊन, तोंडाकडे बघून, टीव्ही बंद करून. तीनदा सांगावं लागलं तर तीनदा. ओरडायचं नाही. ओरडून सांगितलं की साधं जेवायला चलासुद्धा भांडणासारखं ऐकू येतं."

मला एकदम पटलं, आणि पटल्यामुळेच जास्त लागलं. गेल्या वर्षभरात मी सासूबाईंशी बोलत होते ते फक्त कामापुरतं. जेवा, उठा, गोळी घेतली का. गंमत, चहाडी, तक्रार, अमकीची सून आणि तमकीचा जावई, हे सगळं हळू आवाजातच बोलायचं असतं. ते काही इमारतभर ओरडून सांगता येत नाही, म्हणून सांगायचंच बंद झालं होतं.

ताईंनी पेटी उघडली. आत दात घासायच्या ब्रशपेक्षाही लहान ब्रश, केसाएवढी तार, टाचणीच्या डोक्याएवढ्या जाळ्या. "कानाच्या आतलं काम डॉक्टरांचं. मी फक्त मशीनला हात लावते," असं आधीच बजावलं. मग मशीन हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि सासूबाईंना, अगदी समोर बसून, विचारलं, "हे शिट्टी मारायचं का हो?"

"मारायचं!" सासूबाईंना ते बरोबर ऐकू गेलं. "चार महिने सहन केलं. मग म्हटलं, जा ड्रॉवरमध्ये."

"लाल ठिपका उजवा, निळा डावा. तुम्ही उलटं घालत होता."

"मला हिनेच घालून दिलं होतं," सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

साफसफाई करायच्या आधी ताई परीक्षा घेतात. तोंडासमोर वही धरायची, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि एकेक शब्द म्हणायचा. समोरच्याने जो ऐकू येईल तो परत म्हणायचा. ही शब्दांची यादी त्यांची स्वतःची आहे. माणसं ज्या शब्दांना फसतात ते त्या वर्षानुवर्षं टिपून ठेवत आल्या आहेत. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात, स आणि श सारखे, असं त्यांनी मला समजावलं. मग उरलेल्या आवाजावरून माणूस शब्द मनाने पुरा करतो.

"शाल."

"साल," सासूबाई म्हणाल्या.

"घर."

"गर."

"फळ."

"पळ. का? कुठे पळू?"

"सोबत."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "शोभत नाही," त्या तुटकपणे म्हणाल्या. "कळलं. पुढे."

ताईंनी वही खाली केली. सासूबाईंकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि वहीत काहीतरी टिपलं. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "'नाही' मी म्हटलंच नव्हतं."

मशीन साफ झालं, नव्या जाळ्या लागल्या, नवे सेल पडले, लाल उजवीकडे गेला आणि निळा डावीकडे. सासूबाई दचकल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "हा फ्रिज नेहमीच असा कण्हतो?"

पुन्हा वही तोंडासमोर. शाल शाल झाली, घर घर झालं, फळ पळालं नाही.

"सोबत."

सासूबाई काहीच बोलेनात.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं. पुन्हा म्हणा."

"सोबत."

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती असं म्हणाली होती की काय?"

मग दोन वर्षांचं झाकण उघडलं. त्या वेळी सासूबाईंचा खांदा धरला होता, वेणी घालायला हात वर जात नव्हता, म्हणून मीच त्यांना केस कापायला घेऊन गेले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मानेपर्यंत कापलेले केस. येताना मी कुलूप उघडायला पुढे आले आणि त्या मागून जिना चढत होत्या. जिन्यात सिस्टर भेटल्या. त्यांचे यजमान जाऊन महिनाच झाला होता. तोंडावर रुमाल होता. रुमालाआडून त्या काहीतरी बोलल्या, आणि सासूबाईंना ऐकू आलं, "शोभत नाही हो आता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हणाले, ज्याचं त्यानं बघावं! आणि वर निघून आले."

मी कपाळाला हात लावला. नुकती एकटी पडलेली बाई सांगते की मला सोबत नाही, आणि तिला उत्तर मिळतं, ज्याचं त्यानं बघावं. एकेका वाक्याने दोघींना लागलं होतं, आणि दोघींपैकी एकीनेही ते कोणाला बोलून दाखवलं नाही. आता आठवलं, त्यानंतर सासूबाईंनी केसांना कात्री लावू दिली नव्हती. खांदा दुखत असतानाही रोज अंबाडा.

"जा मग खाली," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जा."

"वेड लागलंय का तुला? आणि ती शोभत नाही असंच म्हणाली असेल तर?"

ताई पेटी आवरत होत्या. "रोज अर्धा तास कोणाशी तरी समोरासमोर बसून बोलायचं," एवढंच म्हणाल्या. "घरातल्या माणसाशी नाही. घरातल्यांचं तुम्ही निम्मं ऐकता आणि निम्मं मनाने भरता. बाहेरचा आवाज पाहिजे. मी नऊ दिवसांनी येते."

त्या नऊ दिवसांत सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. ह्यांचे गुडघे जिना चढताना वाजतात हे त्यांना कळलं. मी भांडी घासताना स्वतःशी बोलते हेही कळलं, आणि काय बोलते तेही. नातीच्या गाण्याचं कौतुक करायच्या, ते आता जरा हात राखून करायला लागल्या. मुलीने मला हळूच विचारलं, "आई, आजीचं मशीन थोडं कमी करता येतं का?" आणि पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं, "येत नाही!"

पण खाली काही जाईनात. खोकी भरून, चिकटपट्ट्या लावून जिन्यात उभी राहायला लागली होती. बाल्कनीतून सासूबाईंना आता सिस्टरचा पायरव ऐकू यायचा, मग त्या खुर्ची थोडी मागे घ्यायच्या.

नवव्या दिवशी टकटक झाली.

"किती जणांशी बोललात?" आल्या आल्या ताईंनी विचारलं.

"तिघांशी."

"घराबाहेरच्या?"

सासूबाईंनी पदराशी चाळा करावा तसा मशीनच्या तारेशी चाळा केला.

"मग हे काय फ्रिज ऐकायला घेतलंय?" ताई म्हणाल्या.

"अहो, आठ दिवसांत ती चालली. दोन वर्षं बोलले नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तोंडाचं राहू द्या. कान घेऊन जा."

काय झालं कोण जाणे, सासूबाई उठल्या. आरशात पाहिलं, अंबाड्यावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि निघाल्या. "कानपिळी मेली," असं पुटपुटल्या ते मला ऐकू आलं. ताईंना तर आलंच असणार. मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. चोरून ऐकणं वाईट, हे मला माहीत आहे. पण दोन वर्षं मी वाट पाहिली होती.

सासूबाईंनी बेल वाजवली नाही. दार ठोकलं.

दार उघडलं आणि सिस्टर जुन्या सवयीने कडाडल्या, "काय पाहिजे?"

"ओरडू नका. मशीन आहे."

"अं?"

"आता तुम्हाला ऐकू येत नाही का? मशीन आहे म्हटलं. मला एकच विचारायचंय. दोन वर्षांपूर्वी इथे, ह्या जिन्यात, तुम्ही मला काय म्हणाला होता?"

"तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"मला माहीत आहे ते चुकीचं निघेल असं वाटतंय. पुन्हा सांगा."

"एकदा सांगितलं तेव्हा काय उत्तर मिळालं ते माझ्या लक्षात आहे," सिस्टर म्हणाल्या. नर्सचा आवाज तो, सुई टोचायच्या आधीचा. "पुन्हा नाही सांगणार."

मी कठड्यावरून आणखी वाकले. माझे कान आता जिन्यात उतरायचेच बाकी होते.

"मी त्या दिवशी केस कापून आले होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "मला वाटलं, तुम्ही म्हणालात शोभत नाही."

"शोभत?"

"हो. शोभत नाही हो आता."

"अहो, सोबत! सोबत नाही म्हणाले मी! घर खायला उठतं, सोबत नाही हो आता, येत जा, असं म्हणत होते मी, आणि तुम्ही..." सिस्टर मध्येच थांबल्या. "थांबा. केस? कुठले केस? तुम्ही केस कापले होते?"

"मानेपर्यंत कापले होते!"

"कधी?"

"त्याच दिवशी! तुमच्या समोर उभी होते मी!"

"माझं लक्षच नव्हतं."

"लक्षच नव्हतं?" सासूबाईंचा आवाज पुन्हा मोठा झाला. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाई केस कापून येते, आणि तुमचं लक्ष नाही?"

मला वाटलं, आता नवा अबोला सुरू होतो. पण दार बंद झालं ते दोघी आत गेल्यावर.

मी वर आले. ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मी चहा टाकला. खालून आवाज यायला लागले, चढे, एकमेकींना तोडणारे. "भांडतायत की हसतायत?" मी विचारलं. ताईंनी कान दिला. "दोन्ही," त्या म्हणाल्या आणि चहा घेतला.

सासूबाई दीड तास आल्या नाहीत. त्या दीड तासात मला ताई कळल्या. मी विचारत गेले म्हणून त्या सांगत गेल्या, एरवी स्वतःबद्दल बोलायची त्यांना सवय नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी त्या कानाच्या डॉक्टरांकडे कामाला लागल्या. काम काय, तर नंबर आला की बाहेरच्या बाकावरच्या माणसाला नावाने हाक मारायची.

"ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना?"

"त्यांनाच. पहिल्या दिवशी माझा घसा बसला आणि सगळे पेशंट जागच्या जागी. डॉक्टर आत एकटेच बसून राहिले." त्या पहिल्यांदा हसल्या. "दुसऱ्या दिवसापासून मी उठून जवळ जायला लागले. खांद्याला हात लावायचा, समोर वाकायचं, आणि हळूच सांगायचं, चला. ओरडायची गरजच पडली नाही. सत्तावीस वर्षं तेच केलं. मशीन साफ करायला, बसवायला डॉक्टरांनीच शिकवलं."

मग डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले. बाकावरची माणसं मात्र होती तिथेच होती. ताईंनी औषधवाल्यांशी संधान बांधलं. सेल नेणारं गिऱ्हाईक थांबलं की त्यांनी कळवायचं, आणि ह्यांनी पेटी घेऊन निघायचं. गावातल्या सहा औषधवाल्यांकडे त्यांचं जाणं-येणं आहे. कोणाच्या मशीनमध्ये मुंग्या गेलेल्या असतात, कोणाचं कुत्र्याने चावलेलं असतं, एका आजोबांनी तर बायकोची बोलणी ऐकू येऊ नयेत म्हणून सेल काढून खिशात ठेवले होते. "ते मी परत घालून नाही दिले," ताई म्हणाल्या. "आधी बायकोशी बोलले."

"पण तुम्ही हे 'काही नाही'चं कुठून काढलंत?" मी विचारलं. ते मला डाचत होतं.

ताईंनी कप बशीत ठेवला. "दिवसभर बाकावरच्या लोकांशी वाकून बोलायचे. आणि संध्याकाळी घरी जाऊन, मोरीतून कपडे धुता धुता, आईशी बोलायचे. तिला ऐकू जायचं नाही. ती विचारायची, काय म्हणालीस? मी म्हणायचे, काही नाही. मग तिने विचारायचं सोडलं. मला बरं वाटलं हो. वर्षभर मला वाटत होतं, आई आता कटकट करत नाही." त्यांनी बशी जरा पुढे सरकवली. "ती गेल्यावर कळलं, ती माझ्याशी बोलतच नव्हती."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"आता घरी कोण असतं?"

"मी आणि रेडिओ. तो छान बोलतो. पण माझं काही ऐकून घेत नाही."

तेवढ्यात सासूबाई आल्या. नाक लाल, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असा तोरा की जणू मोठी लढाई मारून आल्या. "ती मान्यच करत नाही," त्या मला म्हणाल्या. "म्हणते, तुम्हीच नीट ऐकायला हवं होतं. उद्या परत जाऊन सांगते तिला."

दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर वर आल्या. चौथ्या दिवशी जिन्यातली दोन खोकी कमी झाली, कारण सिस्टरना त्यांतली कढई आणि जुने फोटो हवे होते, फोटो सासूबाईंना दाखवायला. शनिवारी मुलाचा फोन आला तेव्हा सिस्टर आमच्याच बाल्कनीत होत्या. फोन स्पीकरवर होता आणि रेंज नेहमीसारखी येत-जात होती.

"नाही येत मी आता," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू. इथे मला सोबत आहे."

"काय शोभतंय तुला?" मुलगा पलीकडून म्हणाला.

दोघी म्हाताऱ्या इतक्या हसल्या की सिस्टरच्या हातातून फोन पडला. मुलगा बिचारा "आई? आई?" करत राहिला. सासूबाईंनीच फोन उचलून, समोर धरून, एकेक शब्द सुटा करून त्याला सांगितलं. तीनदा. ओरडल्या नाहीत.

मुलगा रागावला, मग स्वतः येऊन गेला, आईला दोन दिवस पाहिलं, आणि खोकी परत सोडवून देऊन गेला. पुढच्या आठवड्यात दोघी केस कापायला गेल्या. सिस्टर केस कापणारीच्या मागे उभ्या राहून सूचना देत होत्या: इकडून जरा आणखी, कानावर आणू नको, मशीन आहे. घरी आल्यावर मी विचारलं, "कसे झालेत, सिस्टर?" तर म्हणाल्या, "मान जरा जाड दिसते." सासूबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं, आणि तरी त्या हसल्या.

आता महिन्यातून एकदा, गुरुवारी, ताई मशीनची जाळी बदलायला येतात. दार ठोकतात. काम दहा मिनिटांचं. पण सासूबाईंचं मशीन झालं की सिस्टर आपलेही कान तपासून घेतात, मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर येतात, मग चहा होतो, आणि बोलणं असं रंगतं की मला स्वयंपाकघरात काही सुचत नाही. ताई मात्र काम संपलं की पेटी बंद करून उठतात. बसा म्हटलं तर म्हणतात, "नाही, पुढे दोन घरं आहेत."

गेल्या गुरुवारी पुढे घरं नव्हती. हे मला नंतर कळलं. बाल्कनीत तिघांची जुंपली होती, खुर्ची कोणी कोणाला दिली आणि कोणी हिसकावली यावरून, आणि सासूबाई पोस्टमास्तरांना सांगत होत्या की तुम्ही तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलीत, पण एकदा तरी कोणाचं म्हणणं ऐकून घेतलंत का? ताई दारापर्यंत गेल्या, एक चप्पल घातली, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्यामागे दार लावायला आले होते.

"काही राहिलं का, ताई?"

"काही ना..." त्या म्हणायला लागल्या आणि थांबल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या,

"रविवारी मला कुठेच जायचं नसतं. काम नसताना आले तर चालेल का?"